प्रिंटरमधील शाई कशी साठते, कशी वाहते आणि किती उरली हे कसे ओळखावे

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद ज्या पेवांत साठवली जात आली, त्या पेवाचे तोंड एकदा लिंपून बंद केले की आत किती माल आहे हे वरून कोणालाच दिसत नाही. व्यापारी ते वहीतून सांगतो: इतका आला, इतका गेला, म्हणजे इतका उरला. याउलट पावसाळ्यात कृष्णा किती चढली हे कळायला वही लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर पाणी किती फुटांवर आहे ते सरळ वाचता येते. इंकजेट प्रिंटरमध्ये शाईचा माग या दोन्ही तऱ्हांनी ठेवला जातो. आपल्या यंत्रात वही आहे की पट्टी, हे ठाऊक नसल्यामुळे चांगली शाई फेकली जाते किंवा चांगले हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, वाया जाते. म्हणून टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी एवढे समजून घ्यावे.

आधी यंत्राची जात ओळखावी

प्रिंटरचे वरचे झाकण उघडून आत पाहावे. काळी आणि रंगीत अशी दोनच कार्ट्रिज असतील आणि कार्ट्रिज बाहेर काढल्यावर तिच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रांची पट्टी व पाठीला तांब्याच्या रंगाचे संपर्कबिंदू दिसत असतील, तर छपाईचे हेड कार्ट्रिजमध्येच आहे; कार्ट्रिज बदलली की हेडही नवे येते. चार किंवा अधिक सुटी कार्ट्रिज असतील आणि त्यांच्या तळाशी छिद्रांच्या पट्टीऐवजी शाई बाहेर पडण्याचे एकच तोंड असेल, तर हेड यंत्रात कायमचे बसवलेले आहे. तिसरी जात टाकीची. यंत्राच्या पुढच्या किंवा बाजूच्या अंगाला पारदर्शक टाक्या असतात आणि त्यांतून बारीक नळ्या हेडपर्यंत जातात. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात असे यंत्र बाजारात आणले. पुढे कॅनन, ब्रदर आणि एचपी यांनीही टाकीची यंत्रे काढली. आज झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरोघरी तीच अधिक दिसतात.

थेंब फेकण्याची रीतही दोन प्रकारची आहे. कॅनन व एचपी यांच्या घरगुती यंत्रांत छिद्रामागचा सूक्ष्म तापक क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, शाईत बुडबुडा उठतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. (कॅननमध्ये १९७७ साली सोल्डरिंगचे तापलेले टोक शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागले आणि शाई उडाली, त्यातून ही कल्पना सुचली.) एप्सन व ब्रदर यांच्या यंत्रांत मात्र वीज दिल्यावर आकार बदलणारा पिझो घटक शाईला दाबतो. हा फरक केवळ माहितीसाठी नाही. तापकाच्या हेडला शाई थंडही ठेवते, त्यामुळे कोरड्या कार्ट्रिजवर छपाई चालू ठेवली तर तापक जळू शकतो.

शाई गळत का नाही

छिद्रे खालच्या तोंडाची आणि कायम उघडी असूनही शाई थेंबथेंब कागदावर का पडत नाही, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो; पण पुरवठ्याची सगळी रचना त्याच्या उत्तरात आहे. शाईवर बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाब ठेवलेला असतो, म्हणजे शाईला सतत हलकी मागची ओढ असते. कार्ट्रिजमध्ये ही ओढ स्पंज निर्माण करतो. टाकीच्या यंत्रात टाक्यांची पातळी छिद्रांपेक्षा थोडी खाली ठेवून तीच ओढ साधतात. मिरजेच्या कोणत्याही दवाखान्यात सलाईनची बाटली वर टांगलेली असते, कारण तिथे द्रव वाहायला हवा असतो; प्रिंटरमध्ये तो मागितल्याशिवाय वाहायला नको असतो, म्हणून बाटली खाली. त्यामुळे टाकीचे यंत्र तिरके करू नये किंवा उभे धरू नये.

शाई जितकी जाते तितकी हवा टाकीत यावी लागते. त्यासाठी टाकीला हवेचे वेगळे छिद्र असते. भरताना सांडलेली शाई वाळून किंवा कोणी चिकटपट्टी लावल्यामुळे ते बुजले, तर टाकी भरलेली दिसूनही काही पानांनंतर रंग फिका पडत जातो. अशा वेळी हेडला दोष देण्याआधी हे छिद्र आणि टाकीचे बूच तपासावे.

टाकी भरताना

बाटली आपल्याच मॉडेलसाठी आहे याची खात्री करावी. अनेक यंत्रांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत असलेली, आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेल्या असतात. काहींत चारही डायच्याच असतात. पिगमेंटच्या जागी डाय भरली तर छापलेला दाखला ओल्या बोटानेही पसरतो, आणि डायच्या जागी पिगमेंट भरली तर छिद्रे तुंबण्याचा धोका असतो. स्वस्त शाई वापरणे हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. पण दोन वेगवेगळ्या जातींच्या शाया एका टाकीत मिसळू नयेत, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.

एका वेळी एकच टाकी उघडावी, ती भरून बूच लावावे आणि मगच दुसरीकडे वळावे. काही नव्या बाटल्यांचे तोंड ठरावीक टाकीतच बसते. तशी सोय नसेल तर चारही बुचे उघडी ठेवून बोलत बोलत शाई ओतण्याची सवय महागात पडते. चुकीचा रंग पडलाच तर छपाई किंवा क्लिनिंग (हेडमधून शाई ओढून छिद्रे साफ करण्याची यंत्राची क्रिया) करू नये, कारण दोन्हींमुळे ती शाई नळीत ओढली जाते. यंत्र बंद ठेवावे आणि टाकी रिकामी करून घ्यावी. शाई वरच्या रेषेपलीकडे भरू नये.

नवे यंत्र पहिल्यांदा भरताना नळ्या आणि हेड भरण्यासाठी बरीच शाई लागते. म्हणून पहिल्या बाटल्या लवकर संपल्या म्हणून यंत्रात गळती आहे असे समजू नये.

यंत्र शाई कशी मोजते

पडद्यावर ‘४० टक्के शिल्लक’ असे दिसते तेव्हा यंत्राने शाईकडे पाहिले असेल, असे बहुतेकांना वाटते. बहुतेक वेळा त्याने पाहिलेले नसते, मोजलेले असते. प्रत्येक थेंब साधारण किती आहे हे यंत्राला माहीत असते, थेंब किती सोडले हेही माहीत असते, आणि क्लिनिंगमध्ये किती शाई जाते याचाही अंदाज त्यात धरलेला असतो. थेंब ४ पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) धरला तर ७० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे १,७५० कोटी थेंब होतात. इतक्या थेंबांचा जमाखर्च ठेवणारी ही वही कार्ट्रिजच्या चिपमध्ये किंवा यंत्राच्या स्मृतीत असते. ती हिशेबात सहसा चुकत नाही, मात्र पेवात पुराचे पाणी शिरले तरी वहीतले आकडे जुनेच राहतात, तशी तिची गत आहे: शाई सांडली, वाळली किंवा आपण बाहेरून भरली, तरी वहीला त्याचा पत्ता नसतो.

काही यंत्रांत याच्या जोडीला खरी पाहणीही असते. कॅननच्या कित्येक सुट्या कार्ट्रिजमध्ये एक कप्पा मोकळ्या शाईचा आणि दुसरा स्पंजचा असतो. मोकळ्या कप्प्याच्या तळाशी पारदर्शक लोलक असतो आणि यंत्र त्यावर प्रकाश टाकते. लोलकाला शाई टेकलेली असेल तर प्रकाश शाईत निघून जातो, शाई संपून हवा आली की तो परावर्तित होऊन संवेदकाकडे परततो. यावरून यंत्राला एवढेच निश्चित कळते की मोकळा कप्पा रिकामा झाला. स्पंजात किती उरली हे पुन्हा थेंब मोजूनच ठरते. कायमचे हेड असलेली यंत्रे आत हवा शिरू नये म्हणून शाई पूर्ण संपण्याआधीच थांबतात. म्हणून ‘संपली’ म्हणून काढलेली कार्ट्रिज हलवून पाहिली तर ओलसर लागते. ग्राहकाला ही लूट वाटते. हेडच्या बाजूने पाहिले तर काही शाई राखून ठेवणे गरजेचे आहे, मात्र ती किती राखली जाते हे कंपन्यांनी स्पष्ट सांगायला हवे, असे माझे मत आहे.

टाकीच्या अनेक यंत्रांत पातळी मोजणारा संवेदकच नसतो. तिथे टाकीवरची खालची रेषा हीच पट्टी, आणि ती वाचण्याचे काम आपले. काही यंत्रे थेंब मोजून ‘शाई भरा’ असा संदेश देतात आणि भरल्यावर आपण ‘भरली’ असे कळवले की मोजणी पुन्हा पूर्णापासून सुरू करतात. येथेच गफलत होते. मी ज्या पतसंस्थेचे कागदपत्र पाहतो तिथे एका मार्चअखेरीस असा संदेश आला. काळी टाकी बाहेरून भरलेली दिसत होती, म्हणून मी न भरताच ‘भरली’चे बटण दाबले. प्रत्यक्षात टाकीच्या आतल्या भिंतीला शाईचा पातळ थर चिकटून ती काळी दिसत होती. दोन दिवसांत नळीत हवा शिरली, ताळेबंदाच्या पानांवर पांढरे पट्टे उमटू लागले आणि हवा बाहेर काढण्यात जवळजवळ अर्धी बाटली गेली.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. काळ्या टाकीची पातळी वाचताना मागून किंवा बाजूने मोबाइलचा टॉर्च धरतो. थर आणि खरी शाई यांतला फरक लगेच दिसतो. आणि मोजणी फक्त तेव्हाच नव्याने सुरू करतो, जेव्हा शाई वरच्या रेषेपर्यंत भरलेली असते. अर्धी बाटली ओतून ‘भरली’ असे कळवणे म्हणजे वहीत खोटी जमा धरणे होय.

अपारदर्शक कार्ट्रिज असेल तर सोपा उपाय वजनाचा. नवी कार्ट्रिज बसवण्याआधी तिचे वेष्टन व टेप काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावी आणि वजन तिच्यावरच लिहून ठेवावे. एक मिलिलिटर शाईचे वजन साधारण एक ग्रॅम धरता येते, त्यामुळे पुढे केव्हाही तोलून किती शाई गेली ते कळते. रिफिल करणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण रिफिल केल्यावर पडद्यावरचा आकडा सहसा बदलत नाही. काही यंत्रांत ‘स्टॉप’चे बटण पाच सेकंद किंवा अधिक दाबून धरले की त्या कार्ट्रिजचा हिशेब बंद होतो आणि छपाई चालू राहते. तसे केल्यावर मात्र कोरड्या छपाईची जबाबदारी आपल्यावर येते.

बाटलीवर छापलेल्या पानांच्या संख्येबद्दलही थोडे सांगायला हवे. रंगीत यंत्रांच्या चाचणीसाठी आयएसओ/आयईसी २४७१२ या मानकात पाच नमुना पाने ठरलेली आहेत आणि ती पाने सलग छापली जातात. आपण आज एक सातबारा आणि आठ दिवसांनी मुलाच्या प्रकल्पाची चार पाने छापतो. मधल्या काळात हेड साफ ठेवण्यासाठी यंत्र स्वतःच शाई खर्च करते. त्यामुळे घरात ती संख्या क्वचितच गाठली जाते.

रेघा तुटू लागल्यास

प्रथम नोझल चेकचे, म्हणजे सगळी छिद्रे शाई सोडतात का हे रेघांतून दाखवणारे, पान छापावे. रेघा अखंड असतील तर दोष शाईचा नाही. कागदाची किंवा छपाईच्या दर्जाची निवड तपासावी. रेघा तुटल्या असतील तर एकदा क्लिनिंग करून पुन्हा चेक छापावा. दोन-तीन वेळा करूनही फरक पडला नाही तर यंत्र बंद करून ते रात्रभर तसेच ठेवावे. नळीतले बुडबुडे बसतात आणि वाळलेली शाई सैल होते. सकाळी पुन्हा चेक घ्यावा. एकामागून एक दहा क्लिनिंग करणे ही घाईची आणि खर्चाची वाट आहे. पॉवर क्लिनिंग, डीप क्लिनिंग अशा निरनिराळ्या नावांची मोठी सफाई अगदी शेवटी आणि टाक्यांत किमान एक तृतीयांश शाई असल्यावरच करावी, नाही तर पंप शाईऐवजी हवा ओढतो.

छिद्रे तुंबण्याचे आपल्या भागातले मोठे कारण मात्र वेगळेच आहे. यंत्राच्या बटणाने बंद केल्यावर हेड एका कडेला जाऊन रबराच्या टोपीवर बसते आणि छिद्रे झाकली जातात. भिंतीवरचे बटण आधी बंद केले किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड मध्येच उघडे राहते. जत, आटपाडी किंवा माणच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडे हेड वाळायला फार वेळ लागत नाही. वीज आल्यावर यंत्र चालू करून मग त्याच्याच बटणाने बंद करावे. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान छापावे.

वाया गेलेली शाई

क्लिनिंगमध्ये ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते, आणि तिचीही वही असते. ठरावीक आकडा झाला की यंत्र आधी इशारा देते, मग थांबते. पॅड न बदलता केवळ आकडा शून्य करून देणारे दुरुस्तीवाले भेटतात. तसे केल्यास काही महिन्यांनी शाई टेबलावर उतरते. काही मॉडेलमध्ये हा पॅड डब्याच्या रूपात असतो आणि घरीच बदलता येतो. विकत घेतानाच ही सोय आहे का ते विचारावे.

यंत्र हलवताना

आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की गावभागातले लोक सामान वरच्या मजल्यावर नेऊ लागतात, आणि त्या धांदलीत प्रिंटर आडवा-उभा कसाही उचलला जातो. उचलण्यापूर्वी यंत्र त्याच्या बटणाने बंद करावे, हेड टोपीवर बसल्याची खात्री करावी, बुचे घट्ट करावीत आणि शाईच्या वाटेवर चावी असेल तर ती बंद करावी. टाकी वेगळी काढता येत असली तरी ती हेडपेक्षा उंच धरू नये. यंत्र दोघांनी सपाट धरून न्यावे, रिक्षात मांडीवर सपाटच ठेवावे आणि खाली प्लॅस्टिक अंथरावे. नव्या जागी ठेवल्यावर चावी उघडायला विसरू नये. ती बंदच राहिली तर पहिली काही पाने नीट येतात आणि मग रंग एकेक करून जाऊ लागतात.