गिब्सन डॉक्टरचा माग कसा काढावा

कंपनी सरकारच्या काळातल्या एखाद्या डॉक्टर-निसर्गअभ्यासकाचं चरित्र लिहायचं असेल, तर फुलांपासून सुरुवात करू नका, पगारापासून करा. माझ्याकडे प्रकल्पासाठी येणाऱ्या मुलांना मी हे सांगतो आणि ती हमखास वैतागतात. पण हे डॉक्टर सुटीत पानंफुलं गोळा करणारे हौशी नव्हते. कुठे जायचं, काय बघायचं, हे बरंचसं नेमणूकच ठरवायची.

उदाहरणाला अलेक्झांडर गिब्सन घेऊ. जन्म १८०० चा, स्कॉटलंडमधल्या लॉरेन्सकर्कचा. १८२५ मध्ये कंपनीत सहायक शल्यवैद्य. मग दख्खन-खानदेशात देवी टोचण्याचं काम, १८३८ पासून पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक, १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक. १८६० मध्ये निवृत्त झाला, १८६७ मध्ये वारला.

हे सगळं कागदाच्या डाव्या बाजूला उतरवा. उजवीकडे प्रत्येक नेमणुकीसमोर लिहा, की या कामात त्याला कोणाला पत्रं लिहावी लागली असतील? देवी टोचणारा गावोगाव हिंडतो, बागवाला रोपांचा आणि औषधांचा हिशेब देतो, वनसंरक्षकाची गाठ महसूल खात्याशी पडते. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाल तेव्हा ही उजवी बाजू कामाला येते. नुसतं ‘गिब्सन’ म्हणून तिथे भागत नाही, खातं आणि साल सांगावं लागतं. जुन्या कागदांत दापोडी ‘दापुरी’ होते आणि जुन्नरकडचं हिवरे ‘हेवरा’, तेवढं लक्षात असू द्या.

आता वनस्पती. वाळवलेल्या नमुन्यांसाठी पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि मुंबईत झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम गाठा. लंडनच्या क्यू उद्यानातले पुष्कळ नमुने घरबसल्या दिसतात. नमुन्याचा कागद बघताना रोप शेवटी बघा, आधी चिठ्ठी. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या नमुन्यांवर छापील चिठ्ठी असते: मलबार, कोकण वगैरे, गोळा करणारे स्टॉक्स, लॉ वगैरे. ही दोन ‘वगैरे’ म्हणजे अभ्यासकाच्या डोक्याला ताप. पहिल्यात अख्खा पश्चिम किनारा मावतो, दुसऱ्यात गिब्सनही असू शकतो, किंवा दुसरं कोणीही. अशा चिठ्ठीवरून ‘गिब्सन अमुक साली अमुक घाटात होता’ असं लिहिलेलं दिसलं, की मी पान परत करतो.

नावांवरही भिस्त ठेवू नका. ‘हॅबेनेरिया गिब्सोनी’ हे ऑर्किड त्याच्या नावाचं, पण ते नाव जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९० मध्ये दिलं, म्हणजे गिब्सन जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. त्यावरून गिब्सनचा मान कळतो, मुक्काम नाही. त्यापेक्षा डाल्झेल या दुसऱ्या वनस्पतिअभ्यासकाबरोबर गिब्सनने लिहिलेलं, मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं ‘बॉम्बे फ्लोरा’ उघडा. १८६१ मध्ये भायखळ्याला छापलेलं हे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात वनस्पतींची दिलेली ठिकाणं नकाशावर मांडत जा. काम कंटाळवाणं आहे, पण बाकीचं सगळं त्यावरच पारखता येतं.

दापोडीच्या बागेत काढलेली चित्रं एडिंबरच्या वनस्पती उद्यानात आहेत. शंभराहून जास्त चित्रं, आणि चित्रकाराचं नाव कुठेच नाही. तुमच्या लेखात ‘गिब्सनने चित्रं काढली’ असं चुकूनही येऊ देऊ नका. काढवून घेतली, असं लिहा.

जंगलांचा भाग सर्वांत जपून लिहायचा. झाडं तुटली की झरे आटतात, हे गिब्सन सरकारला सांगत होता, म्हणून आज त्याला पर्यावरणवादी ठरवायची घाई होते. पण मुंबईच्या गोदीला साग पुरवणं हाही त्याच खात्याचा उद्योग होता, आणि कुमरी, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, करणाऱ्यांवर बंधनं आली ती याच धोरणातून. साहेबाची इंग्रजी पत्रं वाचून झाली, की त्याच सालांतले गावकऱ्यांचे अर्ज मागवा. ते मोडीत असतील. तुम्हाला मोडी येत नसेल, तर वाचून देणारा आधीच गाठून ठेवा.