मॅन्युअल चार्जरने गाडीची बॅटरी चार्ज करताना या चुका टाळा

मॅन्युअल चार्जर आपणहून थांबत नाही. बॅटरी भरली तरी तो करंट देतच राहतो; मग पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि चांगली बॅटरी एका रात्रीत खराब होऊ शकते. ‘रात्री लावू, सकाळी काढू’ असं कधीच करू नका. करंट बॅटरीच्या एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) साधारण दहावा हिस्सा ठेवा: ३५ एएचला साडेतीन अँपिअर. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला या हिशेबाने दहा-बारा तास लागतात, अर्धी उतरलेली निम्म्या वेळात भरते. दर तासाला हात लावून बघा. कूस चांगलीच तापली असेल तर चार्जर बंद करा.

सगळ्यात धोक्याची चूक क्लिपांची. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने भडकतो. म्हणून खोली हवेशीर हवी, डोळ्यांवर चष्मा हवा. गाडीच्या वायरी आधी सोडवा, मायनस पहिली. प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. मग भिंतीवरचं बटण बंद असतानाच लाल क्लिप प्लसला, काळी मायनसला लावा. बटण त्यानंतर. काढताना आधी बटण, मग काळी, मग लाल. चालू चार्जरची क्लिप ओढणं म्हणजे बॅटरीच्या तोंडाशी काडी पेटवणं.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरा. आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड फुगून बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या असतील तरच, त्या बुडतील एवढंच आधी घाला. नळाचं पाणी अजिबात नको. एजीएम बॅटरीला (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) हा चार्जर लावू नका. तिच्यात पाणी घालायची सोय नसते.

चार्जरवरच्या करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा हलतच नसेल तर चार्जरचा फ्यूज बघा आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून घासा. सोडा सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांत, जाऊ देऊ नका. तरीही करंट घेत नसेल तर बहुधा बॅटरी फार दिवस उतरलेली राहून तिच्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं.

काटा टोकाला चिकटला तर लगेच बंद करा: क्लिपा उलट्या लागल्यात, ६-१२ व्होल्टचं बटण चुकलंय किंवा सेल शॉर्ट आहे. चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट मिळाले तर बॅटरी भरली. साडेदहाच्या आसपास अडकली तर सहांपैकी एक सेल गेलेला असतो, आणि तो कुठल्याच चार्जरने परत येत नाही.