बत्तीसाब होताना: जहाजावरचं व्होल्टेज आणि एव्हीआर

भारतीय खलाशी थर्ड इंजिनियरला 'तीन साब' म्हणतात आणि इलेक्ट्रिकलवाल्याला 'बत्तीसाब'. कागदोपत्री त्याचं नाव ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनी या पदाला स्वतःचं प्रमाणपत्र दिलं. त्यासाठी वर्कशॉप आणि समुद्र मिळून किमान 12 महिने लागतात, त्यातले निदान 6 महिने जहाजावर काढावे लागतात. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून आलो होतो आणि व्होल्टेज सांभाळणं म्हणजे एक नॉब फिरवणं, एवढीच माझी समजूत होती.

पहिल्याच जहाजावर ती समजूत गेली. 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ, तीन ऑल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारी मशीन. 1 आणि 2 नंबर पॅरलल, म्हणजे एकत्र जोडून, चालू होते. दोन्हींवर 300 किलोवॅट, अगदी समसमान. तरी 1 नंबरचा अँमीटर 600 दाखवत होता आणि 2 नंबरचा 415. पॉवर फॅक्टर, म्हणजे खऱ्या कामाला लागणाऱ्या विजेचा वाटा, एकाचा 0.65, दुसऱ्याचा 0.95. मी एव्हीआरचं, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचं, झाकण उघडायला निघालो, तेवढ्यात माझे सिनियर, मालवणचे, म्हणाले, "बाबू, आधी मीटर वाच. स्क्रूड्रायव्हर खिशात रवांदे."

मीटर वाचायचे म्हणजे काय, ते सांगतो. किलोवॅटची वाटणी गव्हर्नर करतो, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन. रिअॅक्टिव्ह लोडची, म्हणजे मोटरांच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणाऱ्या पण प्रत्यक्ष काम न करणाऱ्या लोडची, वाटणी एव्हीआर करतो, म्हणजे एक्सायटेशन, ऑल्टरनेटरच्या चुंबकाला दिलेला प्रवाह. किलोवॅट जुळतात पण अँपिअर जुळत नाहीत, तर गव्हर्नरला हात लावू नका. फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज एकत्र झुलत असतील, तर आधी इंजिनाकडे बघा. बऱ्याच एव्हीआरमध्ये फ्रिक्वेन्सी ठरावीक पातळीखाली गेली की व्होल्टेज मुद्दाम उतरवलं जातं. तिथे दोष इंधनाच्या बाजूला असतो आणि नवशिके कार्ड बदलत बसतात.

त्या दिवशी दोष एव्हीआरच्या बाजूलाच होता. ड्रायडॉकमध्ये 1 नंबरच्या एव्हीआरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड नवीन बसवलं होतं. कार्ड उत्तम होतं, पण त्यावरचा 'ड्रूप'चा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, शून्यावर राहिला होता. रिअॅक्टिव्ह लोड वाढला की व्होल्टेज थोडं खाली येऊ देणं हे ड्रूपचं काम. ते दोन्ही मशीनवर सारखं असेल तरच लोड वाटला जातो. ज्याचा ड्रूप शून्य, ते मशीन व्होल्टेज हट्टाने धरून ठेवतं आणि वाढलेला सगळा रिअॅक्टिव्ह लोड स्वतःच्या अंगावर घेतं. हे मशीन एकटं चालवलं तर व्होल्टेज इतकं छान दिसतं की कोणाला शंकाही येत नाही.

आम्ही 1 नंबर एकटं लोडवर घेतलं. तो दाण्याएवढा ट्रिमर हळूच घड्याळाच्या दिशेने फिरवला. लोड लॅगिंग असताना, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या मागे असताना, व्होल्टेज खाली यायला हवं. वर गेलं असतं तर ड्रूपच्या सीटीच्या (प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) वायरी उलट आहेत, हे कळलं असतं. ते खाली आलं. व्होल्टेज पुन्हा 440 ला आणून मशीन पॅरलल केलं, तर दोन्ही अँमीटर 490 च्या आसपास आले. सिनियरनी ट्रिमरवर रंगाचा ठिपका लावला. कार्ड काढण्याआधी प्रत्येक ट्रिमरचा फोटो घ्या, ही सवय मला तिथे लागली.

एव्हीआरच्या पोटात थायरिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. तो एक्सायटरच्या, म्हणजे मुख्य चुंबकाला वीज देणाऱ्या छोट्या जनित्राच्या, फील्डला किती प्रवाह द्यायचा ते क्षणाक्षणाला ठरवतो. तरी बो थ्रस्टरची (जहाजाचं नाक आडवं ढकलणाऱ्या पंख्याची) मोठी मोटर थेट सुरू केली आणि तिने सहापट प्रवाह ओढला, तर व्होल्टेजची पहिली बुडी एव्हीआर थांबवू शकत नाही. ती ऑल्टरनेटरच्या स्वतःच्या रिअॅक्टन्सवर, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या आतल्या विरोधावर, ठरते, एव्हीआर फक्त व्होल्टेज परत वर आणतो. क्लासचे, म्हणजे जहाजांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांचे, नियम क्षणभर 20 टक्के घट चालवून घेतात, पण दीड सेकंदात ते सावरायला हवं. कायमची मर्यादा उणे 10 ते अधिक 6 टक्के, म्हणजे 396 ते 466 व्होल्ट. बुडी खोल गेली तर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरांचे चुंबकी स्विच, सुटतात आणि पंप बंद पडतात. म्हणून सॉफ्ट स्टार्टर लावतात. त्यातले थायरिस्टर मोटरला व्होल्टेज हळूहळू देतात. टॉर्क मात्र व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे थ्रस्टरची पिच, म्हणजे पात्यांचा कल, शून्यावर आहे ना, हे बघूनच स्टार्ट द्या.

एक चूक कधीच करू नका. एव्हीआर आणि रोटरवरचे फिरते डायोड जोडलेले असताना मेगर, म्हणजे उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र, लावू नका. आधी एव्हीआर सोडवा, डायोड शॉर्ट करा, मगच इन्सुलेशन तपासा.

आणि अलार्म बंद पडला असेल तर तो 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. सप्टेंबर 2010 मध्ये बार्सिलोनाजवळ 'क्वीन मेरी 2' या जहाजाच्या हार्मोनिक फिल्टरच्या (विजेच्या लहरींतली विकृती गाळणाऱ्या यंत्रणेच्या) खोलीत स्फोट झाला आणि अख्खं जहाज ब्लॅकआउट झालं. फिल्टरमधले कपॅसिटर झिजले होते आणि ती झीज दाखवणारी यंत्रणा कित्येक वर्षं चालतच नव्हती. ब्रिटिश चौकशी अहवाल खुला आहे. ईटीओच्या तोंडी परीक्षेआधी तो एकदा वाचून काढा.

आमचं जहाज पुढच्या बंदरात शिरलं तेव्हा सिनियरनी मला पॅनलसमोर उभं केलं. ब्रिजवरून थ्रस्टर मागितला. काटा 440 वरून खाली आला, क्षणभर थांबला आणि परत जागेवर गेला. दोन्ही अँमीटर एकत्र चढले आणि एकत्र उतरले.