बोटीवर वीज पुरत नाही? नवं पॅनेल घेण्याआधी या चुका टाळा

शिडाची बोट लांबच्या सफरीवर असली की तिसऱ्या-चौथ्या रात्री फ्रिज मान टाकतो, ऑटोपायलट कुरकुरतो आणि सगळ्यांचं एकमत होतं: अजून एक सोलर पॅनेल हवं. घाई करू नका. बऱ्याचदा वीज तयार होत असते, पण ती बॅटरीपर्यंत पोचत नसते. आधी मल्टिमीटर काढा.

बॅटरी बरीच उतरलेली असताना इंजिन चालू करा. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राच्या) टर्मिनलवर व्होल्टेज बघा आणि लगेच बॅटरीवर बघा. तिकडे 14.4 आणि इकडे 13.7 असेल, तर चोर मधल्या तारेत बसलाय. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या प्लसवर ठेवा आणि दुसरी वाटेतल्या एकेका जोडावर टेकवत पुढे जा. आकडा जिथे एकदम उडी मारेल, तो जोड खराब. लगच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) आत गंज चढून फक्त 0.01 ओहम रोध तयार झाला, तरी 60 अँपिअरला 0.6 व्होल्ट तिथेच जातो आणि 36 वॉट उष्णता होते. बोट लावलंत तर चटका बसेल. आवरण सोललं की आतलं तांबं काळं-हिरवं दिसतं. चकाकतं तांबं लागेपर्यंत कापा आणि नवा लग दाबून बसवा. तार बदलायचीच असेल तर कथिलाचा मुलामा असलेली घ्या. आणि मायनसची बाजूही अशीच तपासा. ती हमखास विसरली जाते.

सोलरचा खरा शत्रू ढग नव्हे, बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे हातभर पट्टा झाकला गेला तरी पॅनेलचा मोठा हिस्सा बंद पडतो. नांगरावर असताना बूम दोरीने एका बाजूला ओढून बांधा आणि कंट्रोलरवरचा (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या डब्यावरचा) आकडा बघत राहा. फुकटातला हा उपाय कित्येकांना सुचत नाही. दोन्ही कठड्यांवर पॅनेलं असतील तर ती सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडू नका. प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोलर सर्वांत बरा. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट.

पवनचक्कीकडून मात्र लोक फारच अपेक्षा ठेवतात. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 15 नॉटचा वारा पाठीमागून आणि बोटीचा वेग 6 नॉट, म्हणजे पात्यांना मिळतो 9 नॉट. शक्ती उरते जेमतेम पाचवा हिस्सा. पाती फिरत असताना तिची बॅटरीशी जोडणी कधीही तोडू नका, आधी चक्की थांबवा.

लेड-ॲसिड बॅटरीवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे रोज संध्याकाळी तासभर इंजिन. साधारण 80 टक्क्यांपर्यंत ती भराभर भरते. पुढे बॅटरी स्वतःच कमी करंट घेते आणि उरलेल्या 20 टक्क्यांना कित्येक तास लागतात. ती कधीच पूर्ण भरली नाही की प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. इंजिन सकाळी, बॅटरी भुकेली असताना चालवा आणि शेवटचा टप्पा दिवसभराच्या उन्हावर सोडा. शिवाय बिनओझ्याचं डिझेल इंजिन तासन् तास घुमवलं की एक्झॉस्टमध्ये काजळी साचते, ते वेगळंच.

लिथियम बॅटरीचं दुखणं नेमकं उलटं. मिळेल तेवढा करंट ती ओढते आणि छोटा अल्टरनेटर तापून जळतो; कमी आरपीएमवर त्याचा पंखाही हळू फिरतो, म्हणून तिथे धोका जास्त. तापमानाचा सेन्सर असलेला बाहेरचा रेग्युलेटर (अल्टरनेटरवर लगाम ठेवणारं यंत्र) लावा. बीएमएसने (लिथियम बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) अचानक बॅटरीची जोडणी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तरी हेच होतं.

एक शेवटची गंमत. बॅटरीत किती वीज उरली ते दाखवणारा मॉनिटर 90 टक्के सांगतोय, पण लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावल्यावर 12.1 व्होल्ट दाखवते, म्हणजे ती जवळपास अर्ध्यावर आहे. अशा वेळी मायनसच्या खुंटीवर किती तारा आहेत ते मोजा. तिथे शंटची, म्हणजे मॉनिटर ज्यातून जाणारा करंट मोजतो त्या पट्टीची, एकच तार हवी. कुणीतरी बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) किंवा रेडिओ घाईत थेट खुंटीवर जोडलेला सापडेल. त्याने खाल्लेली वीज मॉनिटरला दिसतच नाही. ती तार शंटच्या पलीकडे हलवा, बॅटरी एकदा पूर्ण भरा आणि मॉनिटर 100 वर नव्याने लावा.