बाबांची तलावांची वही: घरातलं गिट, ऐरोलीतून एसएसएचने

नौपाड्यातल्या आमच्या घरी देवघराशेजारच्या टेबलावर एक जुना डेस्कटॉप दिवसरात्र चालू असतो. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे आणि बाबांच्या वह्या आहेत. ठाण्याच्या तलावांची टिपणं त्यांनी वर्षानुवर्षं लिहिली. मासुंद्याचं पाणी कधी हिरवं पडलं, कचराळीवर कुठले पक्षी दिसले, असं सगळं. मी ती टाइप करते, दादा सानपाड्याला बसून तपासतो. एकदा त्याची फाइल माझ्या फाइलवर चढली आणि उपवनचं अख्खं प्रकरण गेलं. तेव्हापासून सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. टिपणांत आळीतल्या माणसांची नावं, घरगुती गोष्टी आहेत, म्हणून ती बाहेरच्या कुठल्या सेवेवर ठेवायची नाहीत असं आम्ही ठरवलं. त्यासाठी फार काही लागत नाही. गिट आणि एसएसएच, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यात कुलूपबंद वाटेने शिरायची सोय, एवढं पुरतं.

आधी सगळं घरच्या वायफायवर जमवा, बाहेरचं नंतर. डेस्कटॉपवर ओपनएसएसएच-सर्व्हर आणि गिट टाका. मग ‘तलाव.गिट’ नावाचं फोल्डर करून त्यात ‘गिट इनिट डॅश-डॅश बेअर’ चालवा. बेअर विसरू नका. मी पहिल्यांदा साधी रिपॉझिटरी (गिटचं कोठार) केली होती, आणि दादाने पुश केल्यावर, म्हणजे आपले बदल तिथे पाठवल्यावर, ‘रिफ्यूजिंग टू अपडेट चेक्ड आउट ब्रांच’ असं उत्तर आलं. तिथे उघडलेल्या फाइली असतात, त्यांच्याखालची शाखा गिट परस्पर हलू देत नाही. बेअरमध्ये फक्त इतिहास असतो, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

आता किल्ली, जी पासवर्डऐवजी चालते. लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवून ‘ईडी२५५१९’ प्रकारची जोडी बनवा आणि तिला पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) द्याच. लॅपटॉप रोज लोकलने ये-जा करतो, तो कुठेही राहू शकतो. ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने जोडीतली सार्वजनिक किल्ली डेस्कटॉपवर जाते. खासगी किल्ली लॅपटॉपमधून हलवायची नाही, दादालाही पाठवायची नाही. त्याने त्याची वेगळी बनवली.

पहिल्यांदा जोडताना यजमानाचा, म्हणजे डेस्कटॉपचा, फिंगरप्रिंट (त्याच्या होस्ट-कीची छोटी ओळखखूण) दाखवून ‘येस’ लिहायला सांगतात. तिथे घाई करू नका. डेस्कटॉपवर जाऊन एसएसएच-कीजेननेच तिथल्या होस्ट-कीचा फिंगरप्रिंट काढा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.

किल्ली असूनही पासवर्ड विचारत असेल तर परवानग्या बघा. माझी पूर्ण एक संध्याकाळ यात गेली. आईला फोटो टाकता यावेत म्हणून मी होम फोल्डर ७७७, म्हणजे कुणालाही लिहिता येईल असं, केलं होतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं: ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’. ज्या घरात कुणीही लिहू शकतो, तिथल्या किल्ल्यांच्या यादीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. होम फोल्डर ७५५, ‘डॉट एसएसएच’ ७००, किल्ल्यांची यादी ‘ऑथोराइज्ड-कीज’ ६०० केलं आणि लगेच आत गेले.

आता ऐरोलीच्या ऑफिसातून. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते, आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून उपयोग नाही. आमचं तसंच निघालं. मग महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला. डेस्कटॉपच स्वतःहून त्याला जोडतो आणि एसएसएचचा कॅपिटल आर हा पर्याय वापरून त्याचं २२२२ पोर्ट घरच्या २२ला, म्हणजे एसएसएचच्या पोर्टला, लावतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये हे २२२२ त्या सर्व्हरच्या आतल्या आतच ऐकतं, जगाला दिसत नाही. लाइट गेली-आली की जोडणी आपोआप उभी राहावी म्हणून ती सिस्टमडी सर्व्हिस (मशीन सुरू होताच आपोआप चालणारं काम) करून ठेवा, आणि ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल’ ३० द्या, म्हणजे ३० सेकंद पलीकडून काही आलं नाही की जोडणी जिवंत आहे का विचारलं जातं. ते नसलं तर मेलेली जोडणी तासन् तास जिवंत समजली जाते.

लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘घर’ नावाचा होस्ट लिहा: होस्टनेम लोकलहोस्ट, पोर्ट २२२२, यूजर तुमचा, आणि प्रॉक्सीजंपमध्ये (मधला टप्पा) भाड्याच्या सर्व्हरचं नाव. मग ‘गिट क्लोन घर:तलाव.गिट’ एवढंच, पूर्ण प्रत लॅपटॉपवर उतरते. मधल्या सर्व्हरवरून फक्त कुलूपबंद मजकूर जातो, बाबांची एक ओळसुद्धा तिथे वाचता येत नाही. माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं होतं.

शेवटी दोन्हीकडे ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ करा. भाड्याच्या सर्व्हरवर करताना एक जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येतंय ना हे बघा, मगच पहिली बंद करा.

परवा ऑफिसातून पुल केलं, म्हणजे नवे बदल ओढून घेतले, तर दादाची कमिट (नोंदवलेला बदल) आलेली होती: ‘कचराळी, पान १४, “बगळा” नाही, “ढोकरी” वाचा.’ वही काढून पाहिलं. ढोकरीच होती.