आईचेच फोल्डर आईला उघडेना

घरात उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेले दोन संगणक आहेत. जुन्या डेस्कटॉपवरचे फोटो एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याच्या सोयीने, आईच्या लॅपटॉपवर दिसतात. खात्यांची नावे दोन्हीकडे तीच, तरी आईला स्वतःचेच फोल्डर उघडेना, माझे मात्र उघडे! पासवर्ड बदलण्यात एक संध्याकाळ गेली.

शेवटी दोन्हीकडे खात्याचा आकडा दाखवणारी ‘आयडी’ (id) कमांड चालवली. डेस्कटॉपवर पहिले खाते माझे, म्हणून मी १००० आणि आई १००१. लॅपटॉपवर नेमके उलटे. साध्या एनएफएसला नावाशी देणेघेणे नसते, तो फक्त आकडा पाहतो.

लॅपटॉपवर तिसरे ॲडमिन खाते तयार करून त्यातून काम केले, कारण लॉगिन असलेल्या खात्याचा आकडा बदलता येत नाही. मग खाते बदलणाऱ्या ‘यूजरमॉड’ (usermod) कमांडने आधी मला २००० वर हलवले, आईला १००१ दिला, मग मला १०००. थेट अदलाबदल होत नाही, आकडा रिकामा लागतो. ‘ग्रुपमॉड’ने (groupmod) खात्यांच्या ग्रुपच्या आकड्यांचेही तसेच. होममधल्या फायलींची मालकी यूजरमॉड बदलतो. होमबाहेरच्या फायलींची मालकी आणि फायलींचे ग्रुप प्रत्येक टप्प्यावर, पुढचा बदल करण्याआधीच, फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ (find) आणि मालकी बदलणाऱ्या ‘चओन’ने (chown) सुधारले. पुढच्या टप्प्याची घाई करू नका, नाहीतर कोणाची फाइल कोणाची ते कळणार नाही. आधी बॅकअप घेतलाच होता.

रात्री आईने आजोबांचे फोटो उघडले.