लग्नाची ऑर्डर घेताना करार कसा करायचा, फोटोग्राफर लोकांसाठी

एका लग्नाचं फोटो सिलेक्शन, म्हणजे अल्बमसाठी जोडप्याने निवडून द्यायचे फोटो, माझ्याकडे चौदा महिन्यांनी आलं. तोवर त्या जोडप्याला मुलगी झाली, बारशाचे फोटो काढायलाही मलाच बोलावलं, पण लग्नाचे शेवटचे पंचवीस हजार काही निघेनात कारण ते अल्बम हातात पडल्यावर द्यायचे ठरलेले आणि सिलेक्शनशिवाय अल्बम होणार कसा. चूक माझीच होती, व्हॉट्सॲपवर चार ओळींचं कोटेशन टाकून मोकळा झालेलो.

करार म्हटलं की वकील आणि स्टॅम्पपेपर आठवतो, पण १८७२ च्या करार कायद्याने साध्या कागदावरचा करारही चालतो, तोंडीसुद्धा चालतो, फक्त भांडण लागल्यावर तोंडी बोललेलं सिद्ध करत बसायचं कोणी. मी दोन पानांची पीडीएफ मराठीतच पाठवतो, समोरचा 'वाचलं, मान्य आहे' असं लिहून पाठवतो, मग ॲडव्हान्स घेतो आणि मगच डायरीत तारीख लिहितो. काम मोठं असेल तर स्टॅम्पवर सह्या करून घ्या, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा लागतो.

आता पैशाचं. मी ४० टक्के बुकिंगला घेतो, ५० टक्के हळदीच्या दिवशी कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी, आणि अल्बमवर फक्त १० टक्के ठेवतो. शिवाय एक ओळ घातलीये की सिलेक्शन ६० दिवसांत आलं नाही तर मी माझ्या मनाने फोटो निवडून अल्बम छापणार. ही ओळ आल्यापासून सिलेक्शन वेळेत यायला लागलं, खरंच. लग्न मोडलं किंवा तारीख पुढे गेली तर बुकिंगचे किती पैसे परत देणार तेही लिहा, आपण त्या मुहूर्ताची बाकीची कामं सोडलेली असतात. पण अव्वाच्या सव्वा दंड लिहू नका, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं.

कामाचं लिहिताना 'फुल वेडिंग' असलं मोघम काही नको. कुठले कार्यक्रम, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, किती माणसं, अल्बमची पानं किती, इन्स्टाच्या रील्स किती, आणि वरात रात्री बारापर्यंत चालली तर तासाला जादा किती. रॉ डेटा (एडिट न केलेल्या मूळ फाइल्स) देणार की नाही ते ठळक अक्षरात लिहा, नाहीतर आठ दिवसांनी नवरदेवाचा मित्र पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा. डेटा किती महिने सांभाळणार तेही लिहा (मी सहा महिने ठेवतो, हार्डडिस्क काय फुकट येते का).

आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आपल्याला वाटतं फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म केली तर वेगळं काही ठरलेलं नसताना पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे करारात काही नसेल तर नवरीचा फोटो इन्स्टावर टाकायचाही आपल्याला हक्क नाही. 'निवडक फोटो पोर्टफोलिओ आणि सोशल मीडियावर वापरायला परवानगी' ही ओळ घालाच, खाली हो/नाही चौकट ठेवा, काही घरांना नको असतं आणि ते बरोबरच आहे.

माझी बायको लोगो करते, तिचं बरोबर उलटं. फोटो-फिल्मचा हा नियम लोगोला लागत नाही, आणि ती नोकरीत नाही, फ्रीलान्स करते, म्हणून लोगो तिचा, आणि क्लायंटला हक्क हवे असतील तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. ती पूर्ण पैसे आल्याशिवाय हक्क सोडत नाही, करारातच तसं आहे.

कंपनीचं काम घेत असाल तर आधी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट होतं. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात, लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांतच, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम नंबर टाकला की अकाउंट्सवाल्यांचा आवाजच बदलतो.

राहता राहिले नातेवाईक. गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाची पीडीएफ मामांना पाठवली, दोन दिवस बोलले नाहीत, आईकडे तक्रार गेली की भाचा आता कागद पाठवतो. तिसऱ्या दिवशी 'वाचलं, मान्य आहे' आलं, आणि खाली लगेच, प्री-वेडिंग यात धरलंय का रे?